शुक्रवार सकाळचं रिजेक्शन: चाकणच्या एका लाइन इन्स्पेक्टरच्या रेझ्युमेचं प्रकरण

प्रकरण एका पोराचं आहे, त्याचं नाव सांगत नाही आणि कंपन्यांचीही सांगणार नाही. परभणीकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा २०२१ चा, मग एक वर्ष अप्रेंटिसशिप आणि त्यानंतर सव्वादोन वर्षं चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये लाइन इन्स्पेक्टर, म्हणजे काम चालू असताना लाइनवरच नग तपासणारा, तेही कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर, पगार कंपनी नाही तर कॉन्ट्रॅक्टर देणार. मोशीत रूम करून राहतो, मी जेवतो त्याच मेसला असतो, तिथली ओळख. त्याला कुठंतरी कंपनी पेरोलवर क्वालिटीत घुसायचं होतं आणि कित्येक महिने रेझ्युमे टाकून टाकून धड एक कॉल नव्हता, जे यायचे ते प्लेसमेंटवाल्यांचे, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा म्हणून. (त्यांच्याबद्दल इथंच एका वाक्यात सांगून मोकळा होतो, खऱ्या भरतीत कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, तुमच्याकडे मागितले की फोन ठेवायचा.)

मी पण क्वालिटीतच आहे, दुसऱ्या एका व्हेंडर (मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या) कंपनीत, आणि भरती निघाली की आमच्या एचआर मॅडम रेझ्युमेचा गठ्ठा प्रिंट काढून माझ्या टेबलावर आणून टाकतात, जेवणाच्या सुट्टीआधी बघून द्या म्हणतात. त्यामुळं टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते मला माहिती आहे. द लॅडर्स नावाच्या अमेरिकन कंपनीनं २०१२ मध्ये ३० रिक्रूटर घेऊन त्यांची नजर कुठं कुठं फिरते ते मोजलं होतं, एका रेझ्युमेवर पहिल्या फेरीत साधारण ६ सेकंद निघाले, २०१८ ला परत मोजलं तेव्हा ७.४. माणसं ३० च आणि तीही अमेरिकेतली, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नयेत, पण आमच्याकडं मागं कस्टमरचा ऑडिट चालू असताना तेवढेही सेकंद मिळतील याची मला काही खात्री नाही.

त्याचा पहिला रेझ्युमे बघितला. अडीच पानं. फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतलेला, आणि तो झेरॉक्सवाला मी न बघताच ओळखला, कारण त्याच्याकडून निघालेले रेझ्युमे आमच्याकडंही येतात, सगळ्यांचं करिअर ऑब्जेक्टिव्ह शब्दन् शब्द एकच, आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीत हातभार लावायचा वगैरे. नमनाला घडाभर तेल. त्याखाली दहावी-बारावीच्या टक्क्यांचा टेबल, मग स्ट्रेंथमध्ये हार्डवर्किंग, पॉझिटिव्ह ॲटिट्यूड, क्विक लर्नर. मग वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, मूळ गावचा पत्ता मुक्काम-पोस्ट-तालुक्यासकट, छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे, शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ आणि खाली प्लेस-डेट रिकामं. स्थळ बघायला पाठवला असता तर चालून गेला असता. सव्वादोन वर्षं रोज आठ तास जे काम केलं त्याला या अडीच पानांत दोन ओळी होत्या, ‘इन-प्रोसेस इन्स्पेक्शन’ आणि ‘रिपोर्ट मेंटेन करणे’.

दुसराही एक रेझ्युमे होता त्याच्याकडं, रूममेटनं करून दिलेला, डिझाइन ॲपवरचं टेम्प्लेट. दिसायला झकास. डावीकडं गडद निळी पट्टी, त्यात गोल फोटो, पांढऱ्या अक्षरात मोबाइल नंबर, आणि खाली स्किलच्या पट्ट्या, ऑटोकॅड ८० टक्के भरलेली, एक्सेल ९० टक्के. आता एक्सेल ९० टक्के म्हणजे काय येतं आणि काय येत नाही हे मला कोणी समजावून सांगावं. पण खरी गंमत वेगळीच होती. मी तो आमच्या ऑफिसच्या प्रिंटरवर काढला, तसलाच प्रिंटर चाकणच्या निम्म्या कंपन्यांत आहे, काळा-पांढरा, टोनर संपत आलेला. निळी पट्टी काळीकुट्ट आली आणि तिच्यातला मोबाइल नंबर गायब. म्हणजे एखाद्या मॅनेजरला पोरगा आवडला असता तरी फोन कुठं करणार? मग त्याच्यासमोर ती पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं, तर दोन कॉलममधला मजकूर एकमेकांत घुसला, अप्रेंटिसशिपचं वर्ष ऑटोकॅडच्या शेजारी, कंपनीचं नाव छंदांच्या मध्ये. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं आणि जॉब पोर्टल फाइलमधून आधी हा मजकूरच उपसतात, तिथं अशी खिचडी झाली तर अनुभव किती वर्षांचा हे त्या मशीनला कळणार कसं. ही नोटपॅडची टेस्ट फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, कोणीही करून बघा.

आणि तिसरा, सगळ्यात नवा, एआयकडून लिहून घेतलेला. इंग्रजी एकदम कडक. त्यात त्यानं ‘क्रॉस-फंक्शनल टीमचं नेतृत्व करून रिजेक्शन ४० टक्क्यांनी कमी केलं’ असं होतं, रिजेक्शन म्हणजे तपासणीत बाद झालेले नग. मी विचारलं, हे ४० कुठून आले? म्हणाला, ‘त्यानंच टाकलं दादा, मी म्हटलं आकडा पाहिजे रेझ्युमेत, सगळे सांगतात.’ टीममध्ये कोण कोण होतं विचारलं तर हसायला लागला.

आकडा पाहिजे हे खरंच आहे. पण समोर बसलेला माणूस क्वालिटीतला आहे, त्याचा दिवस आकडे खोटे पकडण्यात जातो, त्याच्यासमोर ४० टक्के ठेवला की तो पहिलं विचारणार कशाचे ४० टक्के, आधी किती होतं, कोणत्या पार्टला, किती महिन्यांचा डेटा. तिथं त त प प झालं की पुढचं सगळं, खरं असलेलंही, त्याच्या लेखी खोटं. हात दाखवून अवलक्षण.

म्हणून मी त्याला रेझ्युमे बाजूला ठेवायला लावला आणि नुसतं कामाबद्दल विचारत बसलो. मला वाटतं सगळं काम इथंच झालं, बाकी टायपिंग. आधी तो एकच पालुपद घेऊन बसला, ‘काही विशेष नाही दादा, चेकिंगच तर करतो मी.’ वर्षभरात तुझ्यामुळं काय बदललं असं विचारलं तर काहीच नाही. मग मी प्रश्न फिरवला, म्हटलं आठवड्यातला कुठला दिवस तुझ्या डोक्याला ताप असतो? त्यावर लगेच, ‘शुक्रवार. शुक्रवार फर्स्ट शिफ्ट.’ का? तर म्हणाला, ‘गुरुवार सुट्टी ना, मशीन गार पडलेली असते.’

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. तर त्याच्या लाइनवर एक ॲल्युमिनियम हाउसिंग चालायचं, सीएनसी टर्निंगवर, ३५ मिलिमीटरचा बोअर (आतलं गोल भोक), टॉलरन्स एच७, म्हणजे वरच्या बाजूला सगळी मिळून २५ मायक्रॉनची मोकळीक. थर्ड शिफ्ट बंद. रात्री सेकंड शिफ्टला तापलेल्या मशीनवर सेट केलेला ऑफसेट (टूल किती आत-बाहेर चालवायचं तो आकडा) सकाळी गार मशीनवर तसाच चालवला की बोअर वर जायचा, आणि बोअर एकदा मोठा झाला की जॉब गेला भंगारात, त्याला रिवर्क नाही. सगळ्यांना मोघम माहिती होतं की सकाळी थोडं रिजेक्शन येतं. पण रिपोर्टमध्ये रिजेक्शन शिफ्टवार लिहायचे, फर्स्ट शिफ्ट १८ नग, सेकंड ७, त्यातून काही कळत नव्हतं. या पोरानं स्वतःच्या डोक्यानं, कोणी न सांगता, चेकशीटच्या मागच्या बाजूला तासाचे रकाने पाडले आणि जो जॉब रिजेक्ट होईल त्याची तिथं एक रेघ मारत गेला. दोन-तीन आठवड्यांत चित्र समोर आलं, जवळजवळ सगळ्या रेघा शिफ्ट सुरू झाल्यावरच्या पहिल्या तासात, काही जेवणाच्या सुट्टीनंतरच्या अर्ध्या तासात, आणि शुक्रवारी नुसता खच. तो कागद त्यानं सेटरला (मशीन सेट करून देणाऱ्याला) दाखवला, सेटरनं सुपरवायझरला, आणि मग सकाळी पंधरा मिनिटं वॉर्म-अप सायकल चालवायची आणि प्रत्येक ब्रेकनंतर फर्स्ट पीस ॲप्रूव्हल, म्हणजे पहिला नग तपासून पास करून घेणं, परत घ्यायचं असं ठरलं. ४५० च्या आसपास नगांच्या फर्स्ट शिफ्टला १८ वरून रिजेक्शन ५-६ वर आलं.

म्हणजे खरा आकडा त्या एआयच्या ४० टक्क्यांपेक्षा मोठाच निघाला, आणि भाऊ म्हणतोय चेकिंगच तर करतो. पण मी टक्के लिहूच दिले नाहीत. ‘फर्स्ट शिफ्ट रिजेक्शन साधारण १८ वरून ५-६ नग, ४५० मध्ये’ असं लिहिलं, कारण शॉपवरचा माणूस नगात विचार करतो, टक्केवारी ही मंथली मीटिंगच्या स्लाइडवरची गोष्ट. आणि श्रेय वाटून लिहिलं, पॅटर्न मी शोधला, उपाय सेटर आणि प्रॉडक्शन सुपरवायझरबरोबर ठरला. त्याला हे पटेना, म्हणाला असं लिहिल्यावर माझं काम कमी वाटेल. उलटं असतं. वॉर्म-अप सायकल लावायचा अधिकार लाइन इन्स्पेक्टरला नसतो हे वाचणाऱ्याला माहिती असतं, मग ‘मी केलं’ लिहिलं की तिथंच शंका, आणि सेटरचं नाव आलं की त्याला कळतं हा पोरगा खरंच त्या मशीनपाशी उभा होता.

त्याच बोलण्यात अजून एक निघालं. मध्ये काही दिवस त्याला कस्टमरच्या प्लांटवर सॉर्टिंगला पाठवलेलं. त्याच्या लेखी ती शिक्षा, सकाळी टेम्पोतून जायचं, गोडाऊनच्या कोपऱ्यात बसून एकेक जॉब तपासायचा, वर त्यांच्या लोकांची बोलणी खायची. व्हेंडरचा एक खराब नग कस्टमरच्या लाइनवर सापडला की पूर्ण लॉट अडकतो आणि व्हेंडरला माणसं पाठवून शंभर टक्के तपासणी करून द्यावी लागते, ८डी रिपोर्टमध्ये (तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) तिसरी पायरी हीच, कंटेनमेंट. म्हटलं रोजचा रिपोर्ट कोण द्यायचं? ‘मीच, त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांना.’ अरे मग कस्टमरसमोर उभं राहायचा अनुभव आहे की तुला, कंपन्यांना रेसिडेंट इंजिनियर म्हणून कस्टमरकडं बसवायला माणूस मिळत नाही आणि तू हे लपवून ठेवलंयस. ती ओळ रेझ्युमेत वरून दुसरी टाकली.

स्किल्सच्या यादीवरून मात्र वाद झाला. त्याच्या यादीत पीपीएपी, एपीक्यूपी, एफएमईए, एमएसए, एसपीसी, ८डी, ५एस, कायझेन, पोका-योके, टीपीएम आणि सिक्स सिग्मा, क्वालिटीतल्या पद्धतींचा सगळा बाजार मांडलेला. म्हटलं एकेकावर बोट ठेव आणि सांग तू स्वतःच्या हातानं काय केलंस. एमएसएला (मोजमाप किती भरवशाचं ते तपासणं) म्हणाला, गेज आर अँड आरला मला बसवतात, १० पार्ट, तीन जण, फिरवून फिरवून मोजायचे. मग तेच लिही, ‘गेज आर अँड आर स्टडीत अप्रेझर’, म्हणजे मोजणारा. एसपीसीत तो दर दोन तासांनी पाच नग मोजून एक्स-बार आर चार्ट (मापं कशी सरकतात त्याचा तक्ता) भरायचा, सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती नीट बसते तो आकडा) काढलेला नाही. मग ‘एक्स-बार आर चार्ट भरणे व पॉइंट बाहेर गेल्यास लाइन थांबवून कळवणे’. एफएमईए (काय बिघडू शकतं ते आधीच मांडणं) काढूनच टाकलं, कारण कॉलेजात आरपीएन, म्हणजे धोक्याचा आकडा, शिकवलेला, आणि २०१९ च्या हँडबुकात आरपीएन जाऊन ॲक्शन प्रायॉरिटी आली हे त्याला ठाऊक नव्हतं, इंटरव्ह्यूला हा प्रश्न हमखास येतो, मी स्वतः विचारतो. सिक्स सिग्मा तर विचारूच नका. यादी अर्ध्याच्या खाली आली तेव्हा त्याचा चेहरा पडला. त्याबदल्यात इन्स्ट्रुमेंटं नीट घातली. ‘मेजरिंग इन्स्ट्रुमेंट्स’ असं मोघम नको, बोअर गेज मास्टर रिंगवर सेट करता येतो, ०.००१ चा मायक्रोमीटर, हाइट गेज, एअर गेज, प्लग गेज. सीएमएम (कॉम्प्युटरवर मापं घेणारं मशीन) चालवलेलं नाही, फक्त रिपोर्ट वाचता येतो, तर तसंच.

आता ज्याच्यावर सगळं घोडं अडायचं तो मुद्दा, पेरोल. त्याच्या जुन्या तिन्ही रेझ्युमेत मोठ्या अक्षरात त्या कंपनीचं नाव होतं आणि कॉन्ट्रॅक्टरचं कुठंच नाही. चाकणमध्ये हजारो पोरं असंच लिहितात आणि त्यात कुणाचा फसवायचा हेतू नसतो, रोज त्याच गेटमधून आत जातात, त्याच कंपनीचा युनिफॉर्म घालतात, तर कंपनीचंच नाव लिहिणार. पण पीएफ कॉन्ट्रॅक्टरच्या कोडवर भरला जातो. आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले आजकाल यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरची, सर्व्हिस हिस्टरीच मागतात, तिथं एस्टॅब्लिशमेंट म्हणून कॉन्ट्रॅक्टरचं नाव दिसतं. रेझ्युमेत एक, पीएफमध्ये दुसरं, लगेच लाल शेरा, ऑफर झाल्यावरसुद्धा मागं घेतली जाते, असे प्रकार मी बघितलेत. मग आम्ही कॉन्ट्रॅक्टरचं नाव एम्प्लॉयर म्हणून आणि त्याच ओळीत ‘डेप्युटेड’ म्हणून कंपनीचं नाव, चाकण, असं लिहिलं. दोन्ही खरं. त्याला भीती होती की कॉन्ट्रॅक्ट दिसलं की फेकून देतील. काही फेकतीलही, पण ते फेकणारे शेवटी यूएएन बघून फेकणारच होते, फरक इतकाच की मधल्या काळात तू हातची नोकरी सोडून बसला असतास.

अप्रेंटिसशिपचंही असंच. नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेतून केलेली, म्हणजे त्या वर्षाचा पीएफच नाही, अप्रेंटिसला तो लागू नसतो, मग त्या वर्षाचा पुरावा काय तर मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. ते गावाकडं ट्रंकेत पडलेलं. आईला फोन करून धाकट्या भावाकडून फोटो मागवला आणि सर्टिफिकेटची ओळ शिक्षणाच्याही वर घातली. डिप्लोमाचे टक्के चांगले होते पण कोविडच्या काळातल्या ऑनलाइन परीक्षेचे, त्या बॅचच्या मार्कांकडं एचआर तिरक्या नजरेनंच बघतात, त्यात पोरांचा काय दोष, पण आहे हे असं आहे. म्हणून टक्के ठेवले, ठळक केले नाहीत.

शेवटी जे पान झालं, एकच पान, त्याचा माथा असा होता. अर्थात इंग्रजीत, इथं मराठीत देतो.

क्वालिटी इन्स्पेक्टर, सीएनसी मशीनिंग (ॲल्युमिनियम)
मेकॅनिकल डिप्लोमा, ३ वर्षांचा अनुभव (१ वर्ष नॅट्स अप्रेंटिसशिप धरून)
राहणार मोशी, स्वतःची टू-व्हीलर, शिफ्टला तयार, ७ दिवसांत जॉइन

तिसरी ओळ कुठल्याही परदेशी सल्ल्यात सापडणार नाही, आणि माझ्या मते इथल्या भरतीत तीच सगळ्यात जास्त काम करते. लाइनवर माणूस कमी आहे म्हणूनच जागा निघालेली असते, मॅनेजर आधी हेच बघतो की हा कधी येणार, रात्रपाळीला टिकणार का, कंपनीची बस त्याच्या बाजूला जाते का. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असलेला हुशार इंजिनियर आणि पुढच्या आठवड्यात येणारा बरा इन्स्पेक्टर यात आमच्यासारख्या मध्यम शॉपमध्ये दुसरा जिंकतो, वाईट वाटलं तरी. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती गेली, फोटो गेला. मेल आयडी बदलायला लावला, जुन्यात किंग होतं आणि जन्मसाल होतं. फाइलचं नाव ‘फायनल न्यू २’ चं बदलून त्याचं नाव-क्वालिटी-चाकण केलं, कारण एचआरच्या व्हॉट्सॲपला दिवसाला कितीतरी ‘फायनल न्यू’ येतात आणि नंतर कोणाचा कोणता ते शोधत बसतात. कस्टमरचं नाव आणि पार्ट नंबर कुठंही घातला नाही. त्याच्या मोबाइलमध्ये त्या रेघांच्या चेकशीटचा फोटो होता, इंटरव्ह्यूला दाखवू का म्हणाला. अजिबात नाही, म्हटलं. बऱ्याच प्लांटला गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर लावतात ते कशाला, आणि जो आज आधीच्या कंपनीचा कागद माझ्यासमोर काढतो तो उद्या माझा दुसऱ्यासमोर काढणार, हे कुठल्याही मॅनेजरच्या मनात येतंच. पाहिजे तर कोरा कागद मागून हातानं रकाने काढून दाखव.

नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइलही त्याच दिवशी बदललं. तिथं रिक्रूटर शोधतो ते शब्द टाकून, अनुभवाची वर्षं, लोकेशन, नोटीस पिरियड आणि माणूस इतक्यात ॲक्टिव्ह होता का हे लावून. यानं प्रोफाइल केलं तेव्हा ‘फ्रेशर’ म्हणून केलेलं आणि नंतर हात लावलेला नाही, म्हणजे तीन वर्षं हा फ्रेशरांच्या गर्दीत उभा. कोणी लाइन इन्स्पेक्टर म्हणतं, कोणी क्यूए, कोणी इन-प्रोसेस क्वालिटी, तर हे सगळे शब्द कामाच्या वर्णनात जिथं खरोखर बसतात तिथं बसवले.

मग काय झालं. पहिल्या पंधरवड्यात दोन कॉल. एक मोठी कंपनी, टेलिफोनिकवरच विचारलं बीई आहे का, नाही म्हटल्यावर थँक यू. दुसरी महाळुंग्याच्या बाजूची, मशीनिंगचीच, मध्यम. तिथल्या क्वालिटी मॅनेजरांना मी ओळखत नाही, वशिल्याचा संशय नको म्हणून सांगतो. त्यानं येऊन सांगितलं ते असं की सरांनी रेझ्युमेवर एका ठिकाणी पेननं गोल केलेला होता, शुक्रवारवाल्या ओळीला. बसल्या बसल्या विचारलं, ‘उरलेले ५-६ कशाचे? शून्य का नाही झालं?’

हा म्हणाला, ‘सर, त्यातले बरेच कास्टिंगच्या पोरॉसिटीचे, आतली बारीक छिद्रं मशीनिंग झाल्यावर उघडी पडतात ती, आणि एखादा हँडलिंगमधला डेंट.’

‘पोरॉसिटीचं काय केलंत मग?’

‘ते माझ्या हातात नव्हतं सर. मी लॉटवार वेगळे ठेवायचो, फाउंड्रीला फीडबॅक सुपरवायझर पाठवायचे.’

म्हणे त्यानंतर सरांचा सूर बदलला. स्टोअरमधून बोअर गेज आणि रिंग मागवली आणि सेट करून दाखव म्हणाले, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले, आणि आपल्याकडं ते झालं की समजायचं. मग सॉर्टिंगबद्दल बराच वेळ, कस्टमरनं लॉट परत पाठवायची धमकी दिली तर तू काय बोलला होतास वगैरे. सीपीकेचं विचारलंच, येत नाही म्हणाला, चार्ट भरतो फक्त. रेझ्युमेत तसंच लिहिलं होतं त्यामुळं सर पुढं गेले. एआयवाला रेझ्युमे घेऊन गेला असता तर सिक्स सिग्मावर अर्धा तास भाजून निघाला असता.

जागा क्वालिटी इंजिनियरची म्हणून निघाली होती, दिली ज्युनियर इंजिनियरची, सहा महिने प्रोबेशन, कंपनी पेरोल. पगारात फार मोठी उडी नाही, ओव्हरटाइम धरला तर पहिले दोन-तीन महिने जवळपास तेवढाच पडेल. त्यावर तो थोडा नाराज होता, मी म्हटलं घे, पुढच्या वेळी पीएफच्या हिस्टरीत कंपनीचं नाव दिसेल. व्हेरिफिकेशनला यूएएन मागितलं, रेझ्युमेशी जुळलं, काही प्रश्न आला नाही. अडलं ते एक्सपिरियन्स लेटरवर, कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस आज देतो उद्या देतो करत राहिलं, शेवटी सॅलरी स्लिपा आणि गेट पासची झेरॉक्स यावर नव्या एचआरनं चालवून घेतलं, लेटर महिन्याभरात आणून द्या या अटीवर. ते अजून मिळालेलं नाही, तो दर गुरुवारी सुट्टीच्या दिवशी तिथं चक्कर मारतो.

बीईच्या गाळणीचं मात्र रेझ्युमेनं काही होत नाही. ती मोठी कंपनी असो की तिच्यासारखी दुसरी, जिथं अर्जातच डिग्रीचा रकाना आहे तिथं शुक्रवारची ओळ वाचायला कोणी पोचतच नाही. डिप्लोमावाल्याला इंजिनियरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण नोकरी सोडून तीन वर्षं बसायचं तर घरी दोन एकर कोरडवाहू आणि धाकट्याचं शिक्षण. त्याच्या सरांनी सध्या आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगातल्या क्वालिटी स्टँडर्डचं इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंग कर म्हणून सांगितलंय, प्रोबेशन संपल्यावर कंपनीच पाठवेल असं ते म्हणाले, आणि तोवर सीपीके काढायला शिकून घे. ते एक्सेलवर मी शिकवतोय, रात्री मेसवरून आल्यावर.